रोपं प्यायली किती, जेवली किती: घरच्या हायड्रोपोनिक टाकीचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच लक्षात येईल. २० लिटरचा टब, त्यात मातीऐवजी खत विरघळवलेलं पाणी, वर लेट्यूसची १२ रोपं, एअर पंप दिवसरात्र चालू. पहिल्या दिवशी मीटरवर ७०० आलं होतं. पाणी कमी झालं की तुम्ही त्याच ताकदीचं तयार खताचं द्रावण वरून भरता. असं करता करता तीन आठवड्यांत आकडा १२०० वर गेला. पीएच ५.८ वर आणून ठेवला तरी दोन दिवसांत ७ च्या पुढे जातो. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतायत, आणि नवी पानं पिवळट दिसतात, शिरा तेवढ्या हिरव्या. रोपं उपाशी वाटतात, म्हणून खत वाढवायचं का, आणि पाणी दर आठवड्याला बदलायचं की नाही, असं तुम्ही विचारलंय.

खत वाढवू नका. तुमच्या टाकीत अन्न कमी नाही, उलट गरजेपेक्षा जास्त आहे. पानांवरची दोन्ही लक्षणं उपासमारीची आहेत हे तुम्ही बरोबर ओळखलंत, पण ताट भरलेलं असून घास तोंडापर्यंत पोचत नाही, अशी ही उपासमार आहे. एका जागी पीएच आडवा येतोय, दुसऱ्या जागी द्रावणाची ताकदच. आणि या सगळ्याचं मूळ वरून भरण्याच्या पद्धतीत आहे. रोपांनी टाकीतून जे उचललं त्यापेक्षा वेगळंच काहीतरी तुम्ही रोज परत घालताय.

पण त्याआधी मीटर. तुम्ही १२०० लिहिलंत, पण १२०० काय, ते लिहिलं नाहीत. हा बहुधा पीपीएमचा, म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत क्षारांचे किती भाग याचा, आकडा असावा. मीटर खरं म्हणजे पीपीएम मोजतच नाही. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो, म्हणजे ईसी, आणि त्या आकड्याला आतल्या आत एका ठरावीक संख्येने गुणून पीपीएम दाखवतो. ती संख्या सगळ्या मीटरमध्ये एक नसते. काही मीटर ईसीच्या १ मिलिसीमेन्सला (हे ईसीचं एकक) ५०० पीपीएम धरतात, काही ७००. त्यामुळे तुमचे १२०० पीपीएम म्हणजे ईसी २.४ असेल किंवा १.७ असेल. लेट्यूससाठी २.४ खूप झाला, १.७ थोडा चढा. दोन्हींवरचा सल्ला सारखा असला तरी घाई सारखी नाही.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. माझा जुना मीटर ५०० च्या मापाचा होता आणि मी ७०० पीपीएम हा आकडा डोक्यात पक्का केला होता. तो बिघडला, नवा घेतला, आणि त्यावरही इमानेइतबारे ७०० राखत गेले. नवा मीटर ७०० च्या मापाचा होता. म्हणजे ईसी १.४ ऐवजी मी रोपांना १.० देत होते. वाढ मंदावली, खालची पानं फिकट पडली, आणि मी आठवडाभर मुळांत रोग शोधत बसले. तेव्हापासून मी पीपीएम हा शब्दच सोडून दिला. मीटरवर ईसीचं बटण असेल तर तेच वापरा. माप ओळखायचं असेल तर १.४१३ मिलिसीमेन्सचं प्रमाणित द्रावण मिळतं, मीटर जुळवायला तेच लागतं. त्यात मीटर बुडवून पीपीएम बघा. ७०७ च्या आसपास आलं तर माप ५०० चं, ९८९ च्या आसपास आलं तर ७०० चं. शिवाय पाण्याचं तापमान एक अंशाने बदललं की वाहकता साधारण २ टक्क्यांनी बदलते, त्यामुळे तापमानाची भरपाई आपोआप करणारा मीटर हवा. नाहीतर थंड सकाळचा आणि तापलेल्या दुपारचा आकडा एकमेकांशी जुळणारच नाही.

पुढचं सगळं मी ईसीमध्ये लिहिते, आणि तुमचा मीटर ५०० चा आहे असं धरून चालते. म्हणजे तुम्ही १.४ वर सुरुवात केलीत आणि आता २.४ वर आहात.

आता मुख्य मुद्दा. रोप टाकीतून दोन गोष्टी उचलतं: पाणी आणि क्षार. या दोन्ही एकाच वेगाने उचलल्या जात नाहीत. रोप जे पाणी पितं त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पानांतून वाफ होऊन उडून जातं. शरीर बांधायला लागतं ते फार थोडं. हवा कोरडी, गरम, वारा खेळता असेल तर रोप खूप पाणी पितं, पण म्हणून त्याची भूक तेवढ्याच पटीने वाढत नाही. त्यामुळे फक्त ईसी बघून काही ठरवता येत नाही, आणि फक्त पातळी बघूनही नाही. दोन्ही आकडे एकत्र बघायचे आणि त्यांचा गुणाकार करायचा. लिटर गुणिले ईसी. ही संख्या म्हणजे टाकीत उरलेला क्षारांचा साठा, असं मी धरते. रसायनशास्त्राच्या काटेकोर नजरेने हे ढोबळ आहे, पण आपण ज्या पातळ द्रावणांत काम करतो तिथे पुरेसं खरं उतरतं.

उदाहरण घ्या. सोमवारी टबात २० लिटर पाणी, ईसी १.४. साठा झाला २८. शनिवारी पाणी उरलं १५ लिटर आणि ईसी १.७. साठा साडेपंचवीस. ईसी वाढला म्हणून साठा वाढला असं वाटतं, पण तो अडीचने कमी झालाय. रोपं ५ लिटर पाणी प्यायली आणि अडीच साठा जेवली; म्हणजे त्यांनी सरासरी ईसी ०.५ चं पाणी उचललं. आता वरून ५ लिटर काय भरायचं? तुमच्या नळाच्या पाण्याचा ईसी ०.३ असेल तर साध्या पाण्याबरोबर दीड साठा परत येतो, एकूण २७, भागिले २०, म्हणजे १.३५. काही खत न घालता तुम्ही जवळपास जिथे होतात तिथेच परत आलात. तेच ५ लिटर जर १.४ च्या द्रावणाचे भरले असते, तर ७ साठा आत आला असता, एकूण साडेबत्तीस, ईसी १.६ च्या वर.

तुमच्या टबात नेमकं हेच चालू होतं. १२ वाढती लेट्यूस दिवसाला सरासरी दीड लिटर पाणी पितात आणि उचलतात ०.५ च्या आसपास, असं धरून बघा. तुम्ही भरताय १.४. दर लिटरमागे ०.९ मागे उरतं, दिवसाला जवळजवळ १.३५ साठा, म्हणजे २० लिटरच्या टबात ईसी रोज ०.०७ ने वर. २१ दिवसांत १.४ ने वाढ. तुमची वाढ १.० आहे, कारण सुरुवातीला रोपं लहान होती आणि पाणी कमी लागत होतं. मला तुमचे आकडे वाचताक्षणी पटले ते यामुळेच.

उलटा प्रसंगही येतो. पाच दिवसांनी १५ लिटर उरले आणि ईसी १.२ आला, तर साठा १८ राहिला, म्हणजे १० संपला. रोपांनी २.० च्या ताकदीने उचललं. इथे साधं पाणी भरलं तर ईसी १.० च्याही खाली जाईल. परत १.४ वर यायचं तर ५ लिटरचं द्रावण २.० चं करून भरावं लागेल. ढगाळ दमट दिवसांत, बंद खोलीत, किंवा टोमॅटो फळं धरतो त्या काळात असं दिसतं. आणि पातळी उतरली पण ईसी हलला नाही, तर त्याच ताकदीचं द्रावण भरायचं. तुमची पद्धत फक्त या एकाच स्थितीत बरोबर ठरते.

मग ईसी किती ठेवावा? याला एक आकडा नाही, आणि जो एकच आकडा छातीठोकपणे सांगतो त्याला मी तरी विचारते की कोणतं पीक, कोणत्या वयाचं, किती उजेडात, कोणत्या हवेत. नुकत्याच फुटलेल्या रोपांना मी ०.५ ते ०.८ देते. लेट्यूसला पुढे १.० ते १.४. बेसिल त्याच्या आसपास. पालक १.८ पर्यंत आनंदाने घेतो. टोमॅटो २.० ते ३.५, कारण त्याला ताकद सोसते आणि थोड्या ताणाने फळाची गोडीही वाढते. एकाच टाकीत लेट्यूस आणि टोमॅटो लावलं तर दोघांपैकी एकाची गैरसोय ठरलेली. मी लेट्यूसच्या मापाने चालते आणि टोमॅटोला वेगळी टाकी करते.

हे आकडे कुठून येतात ते एकदा समजलं की पाठ करावे लागत नाहीत. युटा स्टेट युनिव्हर्सिटीचे ब्रूस बगबी यांनी मांडलेला विचार मला इथे सगळ्यात उपयोगी पडला. रोप १ किलो कोरडं वजन तयार करायला साधारण २०० ते ४०० लिटर पाणी उडवतं. वाढीच्या भरात असलेल्या पालेभाजीच्या कोरड्या वजनात नत्र ४ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे किलोमागे ४० ग्रॅम. ३०० लिटर पाण्याबरोबर ४० ग्रॅम आत जायचं असेल तर लिटरमागे १३३ मिलिग्रॅम लागलं. हवा दमट असेल आणि २०० लिटरच पाणी उडालं, तर तेवढंच नत्र थोड्या पाण्यातून यावं लागतं, लिटरमागे २०० मिलिग्रॅम. कोरड्या हवेत ४०० लिटर उडालं तर १०० पुरे. म्हणून गरम कोरड्या दिवसांत द्रावण पातळ करायचं आणि दमट, थंड दिवसांत थोडं दाट. पुष्कळ जण उलटं करतात, उन्हाळ्यात रोपं दमली असं समजून खत वाढवतात.

या संदर्भात होगलंडच्या द्रावणाचं नाव तुमच्या वाचनात येईल. कॅलिफोर्निया विद्यापीठात डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेली ती कृती आजही आधाराला घेतात: लिटरमागे नत्र २१० मिलिग्रॅम, स्फुरद ३१, पालाश २३५, कॅल्शियम २००. पूर्ण ताकदीला त्याचा ईसी २ च्या आसपास जातो, आणि पालेभाज्यांना ते बऱ्याचदा निम्मं करून देतात. एकच कृती सगळ्या पिकांना सर्वोत्तम ठरत नाही, हे त्या दोघांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. बाटलीवरच्या मात्रेचंही तसंच. मी कोणतंही नवं खत बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करते, ईसी मोजते आणि मग वाढवते.

आता पाणी बदलण्याचा प्रश्न. साठ्याचा हिशेब इतका चोख ठेवला तर पाणी बदलायचंच कशाला? कारण ईसी फक्त एकूण क्षार सांगतो, कोणते ते सांगत नाही. नायट्रेट, स्फुरद, पालाश आणि मँगनीज रोप झपाट्याने उचलतं. मॅग्नेशियम, सल्फेट, लोह मध्यम वेगाने. कॅल्शियम आणि बोरॉन सावकाश. काही आठवड्यांनी असं होतं की मीटर १.४ दाखवतो, पण त्या १.४ मध्ये सल्फेट, कॅल्शियम, नळाच्या पाण्यातलं सोडियम आणि क्लोराईड यांचीच गर्दी असते, आणि नत्र-पालाश तळाला गेलेलं. आकडा शाबूत, रोप उपाशी.

इथे एक गैरसमज मात्र काढून टाकते. द्रावणात पालाश किंवा स्फुरद कमी दिसलं म्हणजे कमतरता आहे असं नाही. रोप निरोगी असलं की ते हे दोन्ही मिळतील तसे आत ओढून घेतं आणि साठवतं. पाण्यात उरतं थोडंच. म्हणून पालाश कमी झालं म्हणून वेगळं पालाश ओतणं, असे तुकड्यातुकड्याचे उपाय घरी करू नका. दर वेळी पूर्ण खतच द्या, फक्त त्याची ताकद हिशेबाने ठरवा.

बदलायचं कधी, तर मी आठवडे मोजत नाही, वरून भरलेलं पाणी मोजते. टाकीच्या आकाराइतकं पाणी वरून भरून झालं की बदल. तुमच्या टबात २० लिटर भरून झाले की. लहान रोपांना याला तीन आठवडे लागतील, मोठ्यांना दहा-बारा दिवस. दर आठवड्याला बदला हा सल्ला म्हणूनच कधी उधळपट्टीचा ठरतो तर कधी अपुरा. मूळ पाण्याचा ईसी ०.२ च्या आत असेल तर मी दुप्पट भरणीपर्यंतही जाते. टाकून दिलेलं द्रावण साध्या पाण्यात मिसळून मातीतल्या कुंड्यांना घाला. गटारात किंवा ओढ्यात नको, त्यातलं नत्र-स्फुरद तिथे शेवाळ माजवतं.

मूळ पाणी कसं आहे, यावर बाकी बरंच अवलंबून. काहीही न घालता नळाच्या पाण्याचा ईसी मोजा आणि वहीत लिहा. ०.३ पर्यंत निश्चिंत राहा. ०.५ च्या वर गेलं की ते क्षार कोणते हे महत्त्वाचं होतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम असेल तर ते रोपाच्या उपयोगाचंच आहे, खत त्या मानाने निवडायचं. सोडियम, क्लोराईड असेल तर प्रत्येक भरणीबरोबर ते वाढत जाणार आणि रोप ते जवळजवळ घेणारच नाही. मीटर हा फरक सांगू शकत नाही, त्यासाठी पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. पाणी मृदू करणारं यंत्र घरात असेल तर त्याआधीच्या नळाचं पाणी घ्या. ते यंत्र कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतं, म्हणजे ईसी तसाच राहतो आणि पाणी रोपासाठी आणखी वाईट होतं. आरओचं पाणी स्वच्छ असतं, पण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उरत नाही आणि पीएच थोड्याशा आम्लानेही धाडकन खाली येतो. मी जड पाण्यात निम्मं आरओ मिसळते. दोन्हींचे दोष अर्धे होतात.

पीएच दोन दिवसांत ७ वर का जातो? दोन कारणं एकत्र आली आहेत. नायट्रेट उचलताना मुळं बदल्यात पीएच वाढवणारे आयन सोडतात; वाढतं रोप असेल तर हे होणारच, ते आरोग्याचं लक्षण आहे. दुसरं, तुमच्या भरणीच्या पाण्यातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाला निकामी करून पीएच वर ढकलणारा क्षार. तुम्ही आम्ल घालून टब ५.८ वर आणता आणि लगेच पुढच्या भरणीत बायकार्बोनेटची नवी खेप आत सोडता. म्हणून टबात आम्ल घालण्याऐवजी भरायचं पाणीच आधी ५.६-५.८ वर आणून मग ओता. एवढ्या एका बदलाने तुमची निम्मी कटकट जाईल. फॉस्फरिक किंवा नायट्रिक आम्लाचं सौम्य, बागकामासाठी विकलं जाणारं द्रावण वापरा, हातमोजे घाला, आणि आम्ल नेहमी पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही. व्हिनेगर आणि लिंबाचा रस वापरू नका. त्यांची आम्लं जिवाणू खाऊन टाकतात, त्यामुळे पीएच परत चढतो आणि मुळांवर बुळबुळीत थर धरतो.

दुसरीकडे, ५.८ वर खिळून राहायचा हट्टही नको. ५.५ ते ६.५ मध्ये तो हळूहळू फिरत राहिला तर काही बिघडत नाही. रोज थेंब थेंब आम्ल घालून मुळांना हेलकावे देणं जास्त त्रासाचं. मी ६.४ ओलांडला की ५.६ वर आणते आणि सोडून देते.

तुमच्या नव्या पानांचा पिवळेपणा, शिरा हिरव्या ठेवून, हा लोहाचा आहे आणि तो पीएचमुळेच आला. घरगुती खतांत लोह बरेचदा ईडीटीएच्या रूपात असतं; ईडीटीए म्हणजे लोहाला पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणारा पदार्थ. ते साधारण ६.५ च्या पीएचपर्यंतच टिकतं. त्यावर लोह सुटून बसतं आणि रोपाला मिळत नाही. डीटीपीए आणि ईडीडीएचए हे तसेच दुसरे पदार्थ; डीटीपीएचं लोह ७ च्या थोडं पुढे तग धरतं, ईडीडीएचएचं त्याहून बरंच वर. पण लोह बदलण्याआधी पीएच आवरा. खत वाढवलं असतंत तर लोह आणखी आलं असतं आणि तेही तसंच वाया गेलं असतं.

कडा करपण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे सगळ्यात जास्त चुकीचे उपाय होताना मी पाहते. करपलेल्या आतल्या पानांना कॅल्शियम पोचत नाहीये, हे खरं. म्हणून लोक कॅल्शियम ओततात. पण कॅल्शियम रोपात फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, आणि एकदा एका पानात बसलं की तिथून दुसऱ्या पानात जात नाही. बाहेरची मोठी पानं भरपूर बाष्प सोडतात, त्यांना कॅल्शियम मिळतं. गाभ्यातली पानं मिटलेली, त्यांच्याभोवती दमट हवा कोंडलेली, त्यांच्यातून बाष्प उडत नाही, म्हणून तिकडे प्रवाहही जात नाही. त्यात द्रावणाचा ईसी वाढला की मुळांना पाणी ओढणंच जड जातं. खारट पाण्यातून पाणी ओढायला जास्त जोर लागतो, तसं. म्हणजे टाकीत कॅल्शियम दुप्पट असलं तरी गाभ्यात पोचतं निम्मं. टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडतो तोही याच कुळातला त्रास.

उपाय दोन: ईसी खाली आणणं आणि गाभ्यावरून हवा खेळवणं. लहान पंखा, पानं जेमतेम हलतील इतक्याच वेगाने, दिव्याच्या किंवा उन्हाच्या वेळेत. पहिल्यांदा मी हा पंखा लावला तेव्हा खतात एका थेंबाचाही बदल केला नव्हता, तरी पुढच्या लावणीत करपणं जवळजवळ थांबलं. प्रकाश फार तीव्र असेल तर तोही थोडा कमी करा. वाढ जितकी धडाक्यात, तितकं गाभ्याला कॅल्शियम कमी पडतं.

तापमानाचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण २० लिटरचा टब लवकर तापतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसात, आणि त्याच वेळी गरम मुळांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. १८ ते २२ ठेवा, २५ च्या वर जाऊ देऊ नका. तिथून मुळं कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. टब बाहेरून पांढऱ्या किंवा चकचकीत आवरणाने झाका, आत उजेड जाऊ देऊ नका. उजेडाने शेवाळ तर येतंच, पण ईडीटीएचं लोहही मोडतं. आणि पुढच्या वेळी याच १२ रोपांना ४० लिटरची टाकी करा. तीच रोपं, तेच पिणं, पण ईसी आणि पीएचची हालचाल निम्मी. मोठी टाकी आपल्या चुका पोटात घालते.

खत ए आणि बी अशा दोन वेगळ्या बाटल्यांत येत असेल तर मिसळण्याबद्दल एवढंच: आधी पाणी, मग ए, नीट ढवळा, मग बी, परत ढवळा, पीएच सगळ्यात शेवटी. ए आणि बी दाट स्थितीत एकमेकांत कधीही ओतू नका, कॅल्शियम सल्फेट आणि फॉस्फेटशी जोडलं जाऊन पांढरा गाळ बसतो आणि तो परत विरघळत नाही. मीटर बुडवण्याआधी अर्धा तास थांबा.

आता तुमच्या टबाचं. सध्याचं द्रावण तीन आठवड्यांचं आहे आणि त्यात काय उरलंय ते कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून ते पूर्ण काढा. नवं १.२ वर करा, पीएच ५.६. लगेच एवढं पाणी बदलणं शक्य नसेल तर ९ लिटर ठेवा आणि ११ लिटर साधं पाणी घाला. पाण्याचा ईसी ०.३ असेल तर टब १.२५ वर येईल, दोन-चार दिवस निभेल. ताकद एकदम खाली आणली तर रोपांना धक्का बसेल का, ही भीती नको. एकदम वाढवण्याचा त्रास जास्त असतो, उतरवण्याचा फारसा नाही.

टबाच्या आतल्या बाजूला लिटरच्या खुणा करा. भरताना काठोकाठ भरू नका. पातळी उतरली तेव्हा हवेत राहिलेल्या वरच्या मुळांवर बारीक लव येते, ती हवा घेण्यासाठी असते, तिला पुन्हा बुडवू नका. दर दोन दिवसांनी, शक्यतो सकाळी, पातळी आणि ईसी एकाच ओळीत लिहा आणि साठा काढा. पहिली भरणी पीएच सुधारलेल्या साध्या पाण्याची करा. त्यानंतर ईसी १.० च्या खाली जाऊ लागला, तर पुढच्या भरणीत निम्म्या ताकदीचं द्रावण. दोन-तीन भरण्यांत तुमच्या खोलीतली रोपं साधारण किती ताकदीने उचलतात तो आकडा हाती येईल, आणि मग भरणीचं द्रावण सरळ त्या ताकदीचंच करून ठेवता येईल. हवामान बदललं, रोपं मोठी झाली, की तो आकडाही हलेल.

करपलेल्या कडा हिरव्या होणार नाहीत, ती पानं काढून टाका. सुधारणा गाभ्यातून नव्याने उघडणाऱ्या पानांत बघा, आठवड्याभरात शिरांमधला भाग हिरवा यायला लागेल. दहा दिवसांनी तसं झालं नाही तर मुळं उचलून बघा. पांढरी, कडक असतील तर पुन्हा मला आकडे कळवा, पातळीसकट. तपकिरी, लिबलिबीत आणि वास येत असेल तर प्रश्न खताचा राहिला नाही, पाण्याच्या तापमानाचा आणि हवेच्या पंपाचा झाला, आणि त्या दिशेने शोधावं लागेल.